केले, पाहिले

सरांच्या घरी चहा हवा असेल तर आधी एक बोल्ट तपासावा लागे. यात तिखटमीठ लावलेलं नाही. दोन हजार चार-पाचच्या सुमारास न्यूझीलंडमधल्या टौरंगात जी काही पंचवीस-तीस मराठी घरं होती, त्यांतल्या प्रत्येक घरातल्या कुणीतरी सरांच्या गॅरेजमध्ये उकिडवं बसून पाना ओढलेला आहे आणि वहीत सही केलेली आहे. चहा त्यानंतर. जेवायला बोलावलं असेल तर दोन बोल्ट.

सर म्हणजे आमच्या औषधाच्या दुकानातले सीनियर फार्मसिस्ट. मूळचे सांगलीचे. मी पुण्याहून येऊन, इथल्या परीक्षा देऊन, त्यांच्या हाताखाली नुकती लागले होते. न्यूझीलंडमध्ये साहेबालाही नावाने हाक मारतात, म्हणून पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "इथे मला नावाने हाक मारायची." मी "बरं, सर" म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला. ते स्वतः मात्र सगळ्यांना अहो-जाहो करत. मला, काकूंना म्हणजे स्वतःच्या बायकोला, आणि शेजारच्या मांजरालाही. "तुम्ही जरा बाहेर बसता का?" असं ते मांजराला विचारत, आणि मांजर जाई.

गाडीचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते काकूंनाही नीट माहीत नव्हतं. साठ सालच्या एका इंग्रजी स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल, दोन सीटची, उघडी, घरच्या घरी जोडायची. एके दिवशी ट्रकमधून सांगाडा उतरला, मागोमाग फायबरची बॉडी, आणि मग अकरा खोकी. इंजिन, गिअरबॉक्स त्यात येत नाही, ते आपलं आपण मिळवायचं. सरांनी एक ठोकलेली जपानी गाडी विकत आणून तिचं पोट फाडलं. "अवयवदान," ते गंभीरपणे म्हणाले. काकू म्हणाल्या, "आमची कार आता चार वर्षं पावसात उभी." ती साडेचार वर्षं उभी राहिली.

ज्या माणसाने सांगलीत सायकलची चेन बसवायलाही दुकान गाठलं असेल, त्याने गाडी बांधायला काढावी हेच मुळात नवल. पण सरांचं म्हणणं सोपं होतं. पुस्तकात कृती दिलेली आहे, सामान मोजून दिलेलं आहे, मग उरलं काय? वाचून, मोजून, तपासून देणं. ते तर आपण आयुष्यभर करतोय.

म्हणून गॅरेज अगदी औषधाच्या दुकानासारखं दिसे. नट-बोल्ट औषधांच्या तपकिरी बाटल्यांत, प्रत्येक बाटलीवर छापील लेबल. "पुढचे डावे चाक. एकूण सहा. बाहेरून लावण्यासाठी." रंगाच्या डब्यावर "वापरण्यापूर्वी चांगले हलवणे." अगदी बारीक स्क्रू आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत, सोमवार ते रविवार. दुकानात आम्ही साध्या कपड्यांत असायचो, पण गॅरेजमध्ये सर पांढरा कोट घालत. भिंतीवर नियम चिकटवलेले होते, त्यातला पहिला होता, "घाई असेल तर आधी बसा."

आणि ती वही. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक बोल्टला एक ओळ, आणि शेवटी दोन रकाने: "केले" आणि "पाहिले". पुस्तकात दिलेल्या जोराने सर बोल्ट आवळायचे. त्यासाठी एक खास पाना होता, हवा तेवढा जोर झाला की तो "टक्" असा आवाज करी. मग "केले"च्या खाली त्यांची सही. पण तेवढ्यावर तो बोल्ट पूर्ण झाला असं धरत नसत. दुसऱ्या कुणीतरी तोच पाना तिथेच लावून ओढायचा, पुन्हा "टक्" ऐकायचं आणि "पाहिले"च्या खाली सही करायची. दुकानात औषध एकाने भरायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, तेच इथे.

"सर, तुम्हीच दोनदा ओढून बघा ना," मी एकदा वैतागून म्हणाले.

"तेच करायचं नसतं," ते म्हणाले. "आपला तो बाब्या. बोल्टाच्या बाबतीतही तसंच. स्वतःचं काम बघताना आपले डोळे लाच खातात."

असं कुणी बोललं की मला हसू येतं. तेव्हाही आलं. पुढे कधीतरी काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, की सांगलीला सरांचं स्वतःचं मेडिकल होतं, आणि तिथे एकट्याने भरलेलं, एकट्यानेच तपासलेलं एक औषध चुकीचं गेलं होतं. म्हातारे गृहस्थ होते, वाचले. दर आठवड्याला येऊन सरांशी गप्पाही मारायचे. "पण ह्यांना त्यांच्याकडे बघवेना," काकू म्हणाल्या. "शेवटी दुकान विकलं." त्या दिवसानंतर मी सरांच्या वहीला हसणं सोडलं, कंटाळणं मात्र सोडलं नाही.

माणसं मिळवायला सर काहीही करत. संक्रांतीला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, काकूंचं हळदीकुंकू असे. बायका जरीच्या साड्या नेसून यायच्या आणि दारातच सर उभे: "या. वाण आत आहे. आधी जरा इकडून." मागचा सगळा आस त्या एका संध्याकाळी अकरा सवाष्णींनी तपासला. मुलं दारातून ओरडत, "काका, इट क्लिक्ड! वी हर्ड इट!" त्यावर सर म्हणत, "अभिनंदन. पण तुमच्या सह्या अजून चालत नाहीत." पलीकडच्या घरातला निवृत्त ट्रकवाला इंजिन उचलायची घोडी घेऊन मदतीला यायचा. "शी'ल बी राइट, मेट," म्हणजे होईल सगळं नीट, हे त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. सर त्यालाही वहीत सही करायला लावत. शेऱ्याच्या जागी त्याने "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं लिहून ठेवलं, तर हे वाक्य अर्धवट का सोडलं म्हणून सर आठवडाभर अस्वस्थ.

गावभरच्या बायकांनी सह्या केल्या, पण काकूंची एकही नव्हती. तसा नियम होता. "तुम्ही घरच्या," सर म्हणत. "घरच्यांचे डोळे म्हणजे माझेच डोळे."

"साडेचार वर्षं ह्या गाडीला चहा मी पाजला," काकू म्हणायच्या, "आणि सही करायला मी परकी नाही म्हणून नालायक." पण त्यांचा एक हक्क ठरलेला होता. गाडी पहिल्यांदा चालेल तेव्हा शेजारच्या सीटवर काकू. त्यासाठी त्यांनी मोठा काळा गॉगल आणि रेशमी स्कार्फ घेऊन ठेवला होता. एरवी त्या वृद्धाश्रमात नर्स, दिवसभर दुसऱ्यांना उठवण्या-बसवण्यात पाठ मोडलेली. गाडीचं नाव निघालं की मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मिश्कील हसू यायचं. वरवर कुरकुरत असल्या तरी सरांपेक्षा त्यांनाच तिची जास्त ओढ होती, असं मला आजही वाटतं.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायची नसती तर हे लिहायलाच घेतलं नसतं.

जुलैमधला रविवार होता, गारठा मी म्हणत होता. त्या आठवड्यात दुकानात सरांनी मी भरलेलं औषध तीनदा परत पाठवलं होतं. एकदा लेबल अर्धा सेंटिमीटर तिरकं म्हणून. मी धुमसतच होते. नवऱ्याचा वाढदिवस, बाहेर जेवायला जायचं ठरलं होतं, आणि वाटेत पाच मिनिटं सरांकडे केक द्यायला थांबलो तर मला गॅरेजमध्ये बोलावणं. स्टिअरिंगचा दांडा बसवून झाला होता. डॅशबोर्डच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत डोकं घालून सहा बोल्ट तपासायचे. माझ्या अंगावर नवा रेशमी ड्रेस.

सर अजून आत डोकं घालून पाना ओढत होते, तेवढ्यात काकू फोन घेऊन आल्या. सांगलीहून सरांच्या भावाचा फोन. "एवढं बघा, मी आलोच," असं म्हणून सर आत गेले.

मी त्या थंडगार काँक्रीटकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं. मग वही उचलली आणि सहाच्या सहा ओळींत "पाहिले"च्या खाली सह्या ठोकून दिल्या. पाना हातातसुद्धा घेतला नाही, शेजारचा "केले"चा रकानाही पाहिला नाही. सर कधी चुकतात का? असं मनाशी म्हणाले, आणि खरं सांगायचं तर थोडा सूडही उगवला.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तशा मनःस्थितीतही त्यांनी वही उघडली, माझ्या सह्या पाहिल्या, "थँक्यू हं" म्हणाले. त्या माणसाला त्या क्षणी "मी काहीच पाहिलेलं नाही" हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. परवा सांगू असं ठरवलं. परवा सर विमानात होते. दीड महिन्याने परत आले, आई बरी झाली होती. त्यानंतर सांगणं अवघड नव्हतं, नुसतं लाजिरवाणं होतं. मग ते मागे पडत गेलं. असल्या गोष्टी विसरता येतात हे मला तेव्हा कळलं.

दसऱ्याला गाडी पहिल्यांदा हलवायची ठरली. इथे दसरा वसंतात येतो. झेंडू मिळेना म्हणून जर्बेरा, आणि आपट्याऐवजी सोनं म्हणून समोरच्या कोव्हाईची पानं, झाडाला पिवळ्या फुलांचे घोस लागलेले होतेच. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारमान्य तपासनिसाने ती पास करावी लागते, ते पुढे व्हायचं होतं. आज फक्त गॅरेजमधून निघून घरासमोरच्या खासगी वाटेने खाली जायचं आणि परत वर यायचं. पण ती वाट टौरंगातल्या टेकडीवरची, चांगलीच उताराची. खाली वळणावर शेजाऱ्याचं लाकडी कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे घळ.

वीस-पंचवीस माणसं जमली होती. कफ सिरपसारखी लाल, चकचकीत गाडी. हळदकुंकू झालं, ओवाळून झालं. काकू गॉगल लावून, स्कार्फ बांधून, पदर खोचून आत बसल्या होत्या, मांडीवर नारळ. मैत्रिणी फोटो काढत होत्या. सर पांढरा कोट घालून आत बसले आणि त्यांनी स्टिअरिंगला हात जोडले.

त्यांचे हात स्टिअरिंगवर पाहिले आणि तो रविवार, तो ड्रेस, त्या सहा ओळी, सगळं एकदम आठवलं.

"सर, थांबा!" मी ओरडले ते इतकं मोठ्याने, की आरती करणाऱ्या बाईच्या हातातलं ताम्हन वाजलं. "स्टिअरिंगचे बोल्ट मी बघितलेले नाहीत. सह्या केल्या. बघितले नाहीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा नवरा तर असा बघत होता, की ह्या बाईला आपण ओळखतो का. सरांनी किल्ली काढून खिशात ठेवली आणि काकूंना म्हणाले, "तुम्ही जरा उतरता का?"

"अहो, मुहूर्त टळेल," कुणीतरी म्हणालं.

"टळू दे."

मला वाटलं ते स्वतः तपासतील. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. "घाला. साडी खराब होईल." आणि पाना दिला.

मी पैठणीवर तो कोट चढवून गाडीत डोकं घातलं. पहिला बोल्ट: टक्. दुसरा: टक्. प्रत्येक आवाजाला बाहेर उभ्या बायका सुटल्यासारखा श्वास सोडत होत्या. पाचवाही वाजला. सहावा दांड्याच्या जोडाचा. तो सुटला तर हातातलं चाक फिरतं, रस्त्यावरची चाकं फिरत नाहीत. मी पाना लावून ओढला. आवाज आला नाही. पाना फिरला. पाव फेरा, अर्धा फेरा, आणखी फिरतच राहिला. तो बोल्ट नुसता बोटांनी बसवलेला होता.

मी बाहेर आले. मला काही सांगावं लागलं नाही, सर मोजत होते.

ते तिथेच उतारावर खाली बसले. वही मागवली, ते पान काढलं. "पाच झाले होते," ते म्हणाले. "सहाव्याला फोन आला. परत येऊन बघतो तर तुमची सही. म्हणजे माझं झालेलंच असणार. म्हणून मी 'केले'च्या खाली सही केली." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "तुम्ही माझ्या भरवशावर, मी तुमच्या. बोल्ट कुणीच बघितला नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. तेव्हा काकू जवळ आल्या. गॉगल काढलेला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी आत बसले होते गं." बस, एवढंच. आयुष्यात मला खूप जणांनी सुनावलं आहे, पण त्या वाक्याएवढं काही लागलेलं नाही.

सरांनी दोन्ही सह्यांवरून एकेक सरळ रेघ ओढली. आमच्या धंद्यात चूक गिरगटून टाकायची नसते, खालचं वाचता आलं पाहिजे. मग नवा बोल्ट काढला. जुन्यात काही दोष नव्हता, पण "गिऱ्हाइकाकडून परत आलेलं औषध पुन्हा विकतात का?" असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला. नवा त्यांनी आवळला, मी तपासला. नवी ओळ, नव्या सह्या. माझी सही वाकडीतिकडी आली.

"चला," सर काकूंना म्हणाले.

"मी नंतर," काकू म्हणाल्या. "आधी ही बसेल. तिने तपासलंय ना?" आणि त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

ज्या बाईने त्या सीटसाठी साडेचार वर्षं वाट बघितली, तिच्या जागी मी बसले. त्यात शिक्षा किती होती आणि माया किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी निघाली. माणूस चालतो त्याहून जरा हळूच. वळणाशी आलो, सरांनी स्टिअरिंग फिरवलं आणि चाकं वळली. आयुष्यात एवढा सुंदर प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

"घाबरलात?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मीही," ते म्हणाले.

वर आल्यावर काकू बसल्या आणि त्यांनी सरांना सात फेऱ्या मारायला लावल्या. पुढे तपासनीस आला, वही चाळत तासभर बसला, म्हणाला, एवढ्या लोकांनी मिळून बांधलेली गाडी मी आजवर पाहिली नाही. ती पास झाली. दर रविवारी सर आणि काकू तीत बसून माउंटच्या, म्हणजे गावाजवळच्या डोंगराखालच्या किनाऱ्यावर आइस्क्रीम खायला जाऊ लागले, मागे गाड्यांची रांग लावून. सर घाई कधी करतच नसत.

त्या दसऱ्यानंतर दुकानात माझ्याशी कसे वागतील म्हणून मी रात्रभर झोपले नव्हते. सकाळी त्यांनी पहिलं औषध भरलं आणि रोजच्यासारखं तपासायला माझ्यापुढे सरकवलं. मी गोळ्या तीनदा मोजल्या. त्यांनी घाई केली नाही.

दोन वर्षांनी नवऱ्याला वेलिंग्टनला नोकरी लागली आणि आम्ही त्याच्या शेजारच्या पोरिरुआला गेलो. निघायच्या दिवशी सरांनी एक तपकिरी बाटली हातात दिली. आत तो सहावा बोल्ट. बाटलीवर लेबल, जराही तिरकं नाही. वर माझं नाव. खाली, "बोल्ट, एक. सही करण्यापूर्वी एकदा हातात घेणे. रिपीट: हवे तितके."

ती बाटली आज माझ्या काउंटरवर आहे. लोकांना वाटतं मी फक्त लेबलच्या गमतीसाठी ठेवली आहे. पण लेबलच्या तळाशी, अगदी लहान अक्षरांत, ते दोन रकाने आहेत. "केले"च्या पुढे सरांची सही. आणि "पाहिले"च्या पुढे, ज्यांची सही कधीच चालायची नाही त्या काकूंची, मराठीत, पूर्ण नावानिशी.